मंडळी केव्हा घेतली जाईल? रॅप्चरच्या काळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासानंतर, तरुण संघाच्या बैठकीत आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. माझा स्वतःचा कल कुठे आहे ते प्रश्न ६ मध्ये सांगितले आहे. इतरत्र प्रत्येक मत त्या मताच्या माणसाला 'हो, आम्ही असंच मानतो' असे म्हणता येईल अशा रीतीने मांडले आहे. वाचताना बायबल शेजारी उघडे असू द्या.

१. रॅप्चर म्हणजे नक्की काय? प्रभूचे दुसरे येणे वेगळे आणि हे वेगळे का?

थेस्सलनीका येथील मंडळी नवी होती. तिच्यातली काही माणसे वारली आणि मागे उरलेल्यांना काळजी लागली की, प्रभू येईल तेव्हा आपली ही माणसे त्या आनंदाला मुकणार का? पौलाने पहिल्या पत्रात (४:१३-१८) त्यांना उत्तर दिले. प्रभू स्वतः आज्ञाध्वनी, आद्यदेवदूताची वाणी आणि देवाचा कर्णा यांच्यासह स्वर्गातून उतरेल. ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील. मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबर मेघांत घेतले जातील आणि अंतराळात प्रभूला सामोरे होतील. या घेतले जाण्यालाच रॅप्चर म्हणतात. काळाच्या या वादात 'मंडळी' म्हणजे एखादी स्थानिक सभा नव्हे, ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सगळे.

हे घडणार याबद्दल ख्रिस्ती लोकांत फारसा वाद नाही. वाद काळाचा आहे. हे घेतले जाणे आणि प्रभूचे सगळ्या जगाला दिसणारे गौरवी आगमन एकाच वेळी होणार, की दोहोंमध्ये काही वर्षे जाणार? त्या वर्षांत जे महासंकट येईल म्हणतात, ते मंडळी सोसणार की त्याआधीच सुटणार?

पौलाने हा उतारा 'या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा' असे सांगून संपवला आहे. तो शोक करणाऱ्या माणसांसाठी लिहिला गेला. पुढचे सगळे वाद वाचताना एवढे ध्यानात असू द्या.

२. महासंकट सात वर्षांचे असेल हे कोणत्या वचनात आहे?

थेट असे एकही वचन नाही. हा हिशेब दानीएल ९:२४-२७ वरून मांडला जातो. तिथे सत्तर सप्तकांचा उल्लेख आहे आणि एक सप्तक म्हणजे सात वर्षे असे धरतात. एकोणसत्तर सप्तके अभिषिक्तापर्यंत संपली, सत्तरावे मात्र राखून ठेवलेले आहे, आणि मधल्या खंडात मंडळीचा काळ चालू आहे, असे या वाचनात मानतात. शेवटच्या सप्तकात एक अधिपती करार करील आणि निम्म्यावर तो मोडील. याला प्रकटीकरणातले बेचाळीस महिने (११:२, १३:५) आणि एक हजार दोनशे साठ दिवस (११:३, १२:६) जोडले की साडेतीन आणि साडेतीन अशी सात वर्षे होतात.

पण हा खंड सगळ्यांना मान्य नाही. सत्तरावे सप्तक येशूची सेवा, त्याचे मरण आणि इ. स. ७० मधला यरुशलेमचा नाश यांतच पूर्ण झाले, असे वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने भविष्यातली सात वर्षांची चौकटच उरत नाही. म्हणून 'सात वर्षांच्या आधी की नंतर?' असे विचारतो तेव्हा आपण दानीएलाचे एक ठरावीक वाचन आधीच स्वीकारलेले असते.

३. एकूण मते किती? थोडक्यात सांगा.

मुख्य मते चार. महासंकटाच्या आधी मंडळी घेतली जाईल, हे पहिले. सात वर्षांच्या मध्यावर, म्हणजे साडेतीन वर्षांनी घेतली जाईल, हे दुसरे. उत्तरार्धात, पण देवाचा क्रोध ओतला जाण्यापूर्वी, हे तिसरे. महासंकट संपल्यावर, प्रभूच्या दृश्य आगमनाच्या वेळीच, हे चौथे. यांशिवाय, सगळे विश्वासणारे एकदम घेतले जाणार नाहीत असे मानणारा एक लहान गट आहे. त्याच्याबद्दल प्रश्न १५ पाहा. आणि हा सारा वाद ज्यांच्याकडे उद्भवतच नाही अशा मोठ्या मंडळ्याही आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न १२.

४. 'आधी घेतली जाईल' असे म्हणणाऱ्यांचा आधार काय? एक वचन सांगा.

एक वचन मागू नका, कारण हे मत एका वचनावर उभे नाही. या मताचे जाणते अभ्यासकही ते मान्य करतात. अनेक धागे एकत्र विणून ते तयार होते.

पहिला धागा क्रोधाचा. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेले नाही (१ थेस्सलनीकाकरांस ५:९), आणि प्रकटीकरणातली संकटे हा देवाचा क्रोध आहे. फिलदेल्फियाच्या मंडळीला तर साऱ्या जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे वचन आहे (प्रकटीकरण ३:१०). दुसरा धागा अनपेक्षिततेचा. प्रभू कोणत्याही घटकेला येऊ शकतो, म्हणून जागे राहा असे नवा करार सांगतो. त्याआधी ख्रिस्तविरोधक, म्हणजे शेवटच्या काळातला देवाचा मोठा शत्रू, प्रकट व्हायचा असेल, तर मंडळी प्रभूची नव्हे, त्याची वाट पाहील. तिसरा धागा इस्राएल आणि मंडळी यांच्यातल्या भेदाचा. दानीएलाची सप्तके दानीएलाच्या लोकांसाठी ठरवलेली आहेत, तेव्हा शेवटचे सप्तकही इस्राएलाचे. मंडळीचे त्यात काम नाही. प्रकटीकरणाच्या ४ ते १८ या अध्यायांत पृथ्वीवरच्या मंडळीचा उल्लेख आढळत नाही, हे याला पूरक मानले जाते.

चौथा धागा लोकांना कमी माहीत असतो, पण मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. प्रभू आल्यावर पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील (प्रकटीकरण २०), असे या मतात धरतात. त्या राज्यात माणसे जन्मतील आणि मरतील, असे यशया ६५:२० वरून मानतात. प्रभू येईल त्याच क्षणी सगळे विश्वासणारे अविनाशी शरीर धारण करणार आणि सगळ्या अविश्वासणाऱ्यांचा न्याय होणार, तर साध्या मानवी शरीराने त्या राज्यात शिरणार कोण? मंडळी आधीच गेली आणि महासंकटात नवे लोक विश्वासात आले असे धरले, की हे कोडे सुटते.

५. आणि 'नंतर' म्हणणाऱ्यांचा?

त्यांचा मुख्य आधार खुद्द प्रभूच्या बोलण्यावर आहे. मत्तय २४:२९-३१ मध्ये क्रम स्पष्ट दिसतो: त्या दिवसांतील संकटानंतर मनुष्याचा पुत्र मेघारूढ होऊन येईल आणि मोठ्या कर्ण्याच्या नादाबरोबर निवडलेल्यांना गोळा केले जाईल. मेघ, देवदूत, कर्णा, गोळा होणे. थेस्सलनीकाच्या पत्रातही हेच सगळे आहे. (पहिल्या मताचे लोक म्हणतात की हे निवडलेले म्हणजे महासंकटात विश्वासात आलेले, मंडळी नव्हे.)

यानंतर २ थेस्सलनीकाकरांस २:१-४ येते. 'प्रभूचा दिवस येऊन ठेपला' अशा बातमीने तिथले लोक घाबरले होते. पौल त्यांना सांगतो की आधी धर्मत्याग होईल, तो अनीतिमान पुरुष प्रकट होईल, मगच तो दिवस येईल. तुम्ही त्यापूर्वीच गेलेले असाल, हे एक वाक्य त्यांची भीती तिथेच मिटवू शकले असते. पौलाने ते लिहिले नाही.

सामोरे होण्याचाही मुद्दा आहे. पौल रोमला पोचत होता तेव्हा तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला भेटायला आले आणि त्याच्यासह शहरात परतले (प्रेषितांची कृत्ये २८:१५). पालखी येते म्हणून गाव वेशीवर जाते ते तिला गावात आणायला. तसेच मंडळी वर जाईल ती राजाला सामोरी जाऊन त्याच्याबरोबर उतरायला, असे हे लोक म्हणतात.

प्रकटीकरण ३:१० बद्दल ते योहान १७:१५ कडे बोट दाखवतात. तिथे येशू म्हणतो की त्यांना जगातून काढून घ्यावे अशी माझी विनंती नाही, पण तू त्यांना वाइटापासून राखावे. राखणे हे संकटाच्या मधोमधही होऊ शकते. मिसरात पीडा आल्या तेव्हा इस्राएल मिसर देशातच होते.

६. तुम्हाला स्वतःला कोणते मत पटते?

चौथे. मत्तय २४ आणि २ थेस्सलनीकाकरांस २ सरळ वाचले की मला दोन येण्यांना जागा सापडत नाही. हजार वर्षांच्या राज्यात कोण शिरणार या प्रश्नाला मात्र 'नंतर'वाल्यांकडून मला पूर्ण समाधान देणारे उत्तर मिळालेले नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. ज्यांनी मला प्रार्थना करायला शिकवले त्यांतले बहुतेक पहिल्या मताचे होते आणि आहेत. त्यांची प्रभूच्या येण्याची ओढ माझ्यापेक्षा जास्त खरी होती.

७. मधले मत आणि 'क्रोधापूर्वी' हे एकच ना?

नाही. मधले मत साडेतीन वर्षांवर बोट ठेवते. प्रकटीकरण ११ मध्ये दोन साक्षीदार वर घेतले जातात (११:१२) आणि लगेच सातवा कर्णा वाजतो (११:१५); तोच पौलाचा 'शेवटला कर्णा' (१ करिंथकरांस १५:५२) असे ते धरतात.

'क्रोधापूर्वी' हे मत फार अलीकडचे आहे. रॉबर्ट व्हॅन कॅम्पेन यांनी ते घडवले आणि मार्व्हिन रोझेन्थल यांनी १९९० मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे आणले. ख्रिस्तविरोधकाने केलेला छळ वेगळा आणि देवाचा क्रोध वेगळा, हे त्याचे सूत्र. छळ मंडळी सोसेल, क्रोध नाही. सहावा शिक्का फुटतो तेव्हा सूर्य काळा पडतो, 'त्यांच्या क्रोधाचा मोठा दिवस आला आहे' अशी आरोळी उठते (प्रकटीकरण ६:१२-१७), आणि पुढच्याच अध्यायात मोठ्या संकटातून आलेला अगणित समुदाय सिंहासनापुढे उभा दिसतो. तोच घेतल्या गेलेल्या मंडळीचा समुदाय, असे हे मत सांगते. नेमके वर्ष किंवा महिना ते सांगत नाही.

८. 'शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल' हे रॅप्चरच ना? गाण्यांत, चित्रांत तसेच असते.

मत्तय २४:४०-४१ च्या आधीचे वचन वाचा. नोहाच्या दिवसांत पूर आला आणि सर्वांना वाहवून घेऊन गेला. तिथे जे नेले गेले ते न्यायात गेले. नोहा मागे राहिला आणि वाचला. लूक १७:३७ मध्ये शिष्य विचारतात, 'प्रभू, कोठे?' आणि उत्तरात प्रेत आणि गिधाडे येतात. म्हणून 'घेतला जाईल' म्हणजे न्यायासाठी नेला जाईल असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. त्यांत पहिल्या मताचे मोठे पुरस्कर्ते, डॅलस सेमिनरीचे जॉन वॉल्वूर्ड हेही होते, हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते. उलट वाचन करणारेही आहेत: तारवात घेतला गेला तो नोहा, मागे राहिले ते बुडाले. मला पहिले वाचन पटते. काहीही असो, एवढ्या दोन वचनांवर काळाचा निकाल लागत नाही.

९. 'रोखून धरणारा' कोण? पवित्र आत्मा असेल तर तो निघून गेल्यावर माणसे विश्वास कशी ठेवणार?

२ थेस्सलनीकाकरांस २:६-७ मध्ये पौल म्हणतो की अनीतिमानाला कोण अडवून धरतो आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक होते, कारण पौलाने ते तोंडी सांगितले होते. आपल्यापर्यंत ते पोचले नाही. आरंभीच्या शतकांतले लेखक तेर्तुल्यन आणि ख्रिसोस्तोम यांनी रोमी साम्राज्य असे उत्तर दिले. काहींनी मीखाएल देवदूत सुचवला, सोळाव्या शतकातले धर्मसुधारक काल्विन यांनी सर्व राष्ट्रांत होणारी सुवार्तेची घोषणा. मंडळीत राहणारा पवित्र आत्मा आणि मंडळी गेली की त्याचे अडवणे थांबते, हे पहिल्या मतातले प्रचलित उत्तर.

त्यांचे म्हणणे आत्मा पृथ्वी सोडून जातो असे नाही. मंडळीद्वारे चालणारे त्याचे अडवण्याचे काम थांबते; जुन्या करारात तो जसा काम करत होता तसा करत राहील आणि माणसे विश्वास ठेवतील. या मताशी वाद घालायचा तर ते असे समजून घेऊन घालावा.

१०. हे सगळे डार्बीने १८३० मध्ये काढले म्हणतात. त्याआधी कोणीच मानत नव्हते का?

जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) हे आयर्लंडच्या अँग्लिकन मंडळीतले पाळक. ती मंडळी सोडून ते पुढे प्लिमथ ब्रदरन म्हणून ओळखल्या गेलेल्या चळवळीचे नेते झाले. १८३१ ते १८३३ या काळात विकलो परगण्यात लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या घरी भविष्यवाणीवर परिषदा भरल्या आणि त्या वर्षांत त्यांचे विचार आकार घेत गेले. मंडळी आणि इस्राएल यांना पूर्ण वेगळे ठेवून महासंकटापूर्वीच्या रॅप्चरची संपूर्ण पद्धत बांधली ती त्यांनीच. एवढे निर्विवाद आहे.

पोर्ट ग्लासगोच्या मार्गारेट मॅकडोनाल्ड या तरुणीच्या १८३० मधल्या दृष्टान्तावरून डार्बींनी हे उचलले, ही गोष्ट मात्र पुराव्यात टिकत नाही. तिच्या नावावर छापलेला मजकूर वाचला तर त्यात मंडळी ख्रिस्तविरोधकाच्या हातून पारखली जाणार असेच आहे. विरोधी मत खोडायला ही गोष्ट वापरू नये, अशी चौथ्या मताच्या माझ्या बंधूंना विनंती आहे.

डार्बींच्या आधीची उदाहरणे तुरळक आहेत. वेल्समध्ये जन्मलेले बाप्टिस्ट पाळक मॉर्गन एडवर्ड्स यांनी विद्यार्थिदशेत लिहिलेला निबंध १७८८ मध्ये फिलाडेल्फियात छापला गेला. त्यात हजार वर्षांच्या राज्याच्या सुमारे साडेतीन वर्षे आधी संत वर घेतले जातात. चौथ्या शतकातला सिरियाचा लेखक एफ्राइम याच्या नावावरचे एक जुने लॅटिन प्रवचनही पुढे केले जाते. त्यात येणाऱ्या संकटापूर्वी निवडलेल्यांना प्रभूकडे नेले जाते असे वाक्य आहे, पण ते प्रवचन कधीचे आणि त्या वाक्याचा अर्थ काय, यावर विद्वानांचे एकमत नाही.

अगदी आरंभीच्या लेखकांकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. डिडाखे या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती शिक्षणपुस्तिकेच्या सोळाव्या अध्यायात आधी जगाला फसवणारा येतो, मग अग्निपरीक्षा, मग कर्णा आणि मेलेल्यांचे उठणे. दुसऱ्या शतकातला इरेनियस तर दोन्ही पक्ष उद्धृत करतात. त्याच्या पाचव्या ग्रंथात 'शेवटी मंडळी एकाएकी वर घेतली जाईल' असे शब्द आहेत; पण पुढच्याच वाक्यात तो त्या संकटाला नीतिमानांची शेवटची झुंज म्हणतो, जी जिंकून ते मुकुट मिळवतात. तेवढे पहिले वाक्य तोडून फिरवले जाते, ते मला अप्रामाणिक वाटते.

मत नवे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही, हेही खरे. शास्त्राच्या कसोटीवर ते पारखावे. पण 'मंडळीने नेहमी हेच मानले' असा दावा करू नये.

११. मग ते जगभर आणि आपल्याकडे कसे पोचले?

डार्बी १८६२ ते १८७७ या काळात अनेकदा उत्तर अमेरिकेत फिरले. १८७६ ते १८९७ पर्यंत चाललेल्या नायगारा बायबल परिषदेने हे विचार पाळकांत रुजवले, आणि शेवटी त्या परिषदेतच 'आधी की नंतर' यावरून फूट पडली. सगळ्यांत मोठा वाटा सायरस स्कोफील्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलचा. ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९०९ मध्ये काढले, १९१७ मध्ये सुधारले. वचन आणि टीप एकाच पानावर आली आणि साध्या वाचकाच्या मनात दोन्ही एकरूप झाली. १९२४ मध्ये सुरू झालेल्या डॅलसच्या सेमिनरीने या मताला विद्वान दिले, आणि १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र उभे राहिल्यावर अनेकांना भविष्यवाणी डोळ्यांदेखत उलगडते आहे असे वाटले. उलट बाजूने फुलर सेमिनरीचे जॉर्ज एल्डन लॅड यांनी १९५६ मध्ये चौथ्या मताची सविस्तर मांडणी केली.

आपल्याकडे ब्रदरन चळवळीचे आरंभीचे पुढारी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज बगदादहून १८३३ मध्ये मुंबईला आले. त्यांचे काम पुढे दक्षिणेत झाले. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन (आध्यात्मिक जागृती) झाले, ते पेंटेकॉस्टल इतिहासात आरंभीच्या घटनांत गणले जाते. त्या काळच्या अशा संजीवनांकडे प्रभू लवकर येत असल्याची खूण म्हणून पाहिले जाई. आज मराठी पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांत पहिले मत इतके रुळले आहे की दुसरे मत असते हेच तरुणांना ठाऊक नसते. म्हणूनच हे पान.

१२. माझी मैत्रीण वसईची कॅथॉलिक आहे, तिने रॅप्चर हे नावही ऐकलेले नाही. सीएनआयमध्येही कोणी बोलत नाही. ते प्रभूच्या येण्यावर विश्वास ठेवत नाहीत का?

ठेवतात. प्रत्येक रविवारी विश्वासांगीकारात 'जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो येईल' असे म्हणतात. फरक एवढाच की त्यांच्या शिकवणीत येणे एकच आहे, म्हणून 'आधी की नंतर' हा प्रश्न उठत नाही. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणात परिच्छेद ६७५ सांगतो की ख्रिस्ताच्या येण्यापूर्वी ख्रिस्तसभेला एका अंतिम परीक्षेतून जावे लागेल. त्यापुढचा परिच्छेद इतिहासाच्या आतच मशीहाचे राज्य अवतरेल ही कल्पना सौम्य रूपातही नाकारतो. हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून चालू असलेला काळ, हे ऑगस्टीनचे वाचन या परंपरेच्या मुळाशी आहे.

सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन बनली. एवढ्या वेगवेगळ्या परंपरांना या मुद्द्यावर एका मताला बांधणे शक्य नव्हते आणि गरजेचेही नव्हते.

१३. अमुक तारखेला रॅप्चर होणार असा व्हिडिओ आला आहे. खरे मानायचे का?

नाही. मत्तय २४:३६ पुरेसे आहे: त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

तरी इतिहास सांगतो, कारण व्हिडिओ दरवर्षी येतात. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली (ती दृश्य आगमनाची होती, वेगळ्या रॅप्चरची नव्हे). एडगर व्हिझनंट यांनी ११ ते १३ सप्टेंबर १९८८ सांगितले. १९४८ मध्ये चाळीस वर्षांची पिढी मिळवली की १९८८ येते, असा त्या वर्षाबद्दल अनेकांचा हिशेब होता. दक्षिण कोरियात डामी मिशनच्या ली जांग-रिम यांनी २८ ऑक्टोबर १९९२ ठरवली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, पैसे दिले. ली यांनी घेतलेल्या रोख्यांची मुदत मात्र १९९३ मध्ये संपणार होती, आणि त्यांना फसवणुकीबद्दल तुरुंगवास झाला. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११, मग २१ ऑक्टोबर २०११ असे सांगितले, आणि २०१२ मध्ये तारीख सांगणे हे पाप होते अशी कबुली दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाची २३-२४ तारीख मोबाइलवरून जगभर फिरली, आपल्या गटांतही.

'दिवस नाही, पण वर्ष सांगता येते' किंवा 'यहुदी सणावरून कळते' ही त्याच चुकीची दुसरी रूपे आहेत. असा व्हिडिओ पुढे पाठवू नका. पाठवणारा वडीलधारा असला तरी त्याला आदराने थांबवा.

१४. रॅप्चरनंतर मागे राहिलेल्यांना तारणाची संधी असेल का?

पहिल्या मतानुसार, हो. प्रकटीकरण ७ मधला समुदाय त्याच काळात विश्वासात आलेला असतो. काही शिक्षक मात्र २ थेस्सलनीकाकरांस २:१०-१२ वरून म्हणतात की ज्यांनी सुवार्ता ऐकून आधीच नाकारली त्यांना भ्रांती पाडली जाईल. ते वचन इतके टोकाला नेण्याची गरज दिसत नाही. चौथ्या मतात ही दुसरी संधी नाहीच, कारण घेतले जाणे आणि न्याय एकाच वेळी आहेत.

१५. सगळे विश्वासणारे घेतले जातील की फक्त जागे असलेले? आमच्याकडे एका उपदेशकाने सांगितले की शिथिल लोक मागे राहतील.

हे अंशतः रॅप्चरचे मत. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गव्हेट यांनी ते मांडले आणि चिनी उपदेशक वॉचमन नी यांच्याकडेही ते आढळते. लूक २१:३६ आणि दहा कुमारींचा दाखला हे त्याचे आधार. पण १ करिंथकरांस १५:५१ म्हणते की 'आपण सर्व' बदलून जाऊ. करिंथ येथील मंडळी तर भांडणांनी आणि अनाचाराने भरलेली होती, आणि तरीही पौल 'सर्व' लिहितो. घेतले जाणे कृपेने आहे. जागे राहण्याची आज्ञा खरी आहे, पण तिला परीक्षेचे गुणपत्रक करू नये.

१६. माझ्या वडिलांनी शेवटी विश्वास ठेवला, पण घरच्यांनी त्यांचे दहन केले. मेलेले उठतील तेव्हा त्यांचे काय?

ते उठतील. दफन केलेले शरीरही शेवटी मातीच होते. समुद्रानेही आपल्यातले मेलेले बाहेर दिले असे प्रकटीकरण २०:१३ सांगते. इ. स. १७७ मध्ये ल्योनच्या हुतात्म्यांची शरीरे जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, ती मुद्दाम, त्यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये म्हणून. ही हकीकत मंडळीचा आरंभीचा इतिहासकार युसेबियस याने नोंदवली आहे. मंडळीने त्या हुतात्म्यांविषयी कधी शंका घेतली नाही. कॅथॉलिक सभेनेही १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. तुमच्या वडिलांची राख कुठे विसर्जित झाली हे देवाला ठाऊक आहे.

१७. माझी नऊ वर्षांची मुलगी घरात कोणी दिसले नाही की 'सगळे घेतले गेले' म्हणून रडते. काय करू?

आधी तिला जवळ घ्या. मग ज्याने शब्बाथशाळेत तिला अशी चित्रफीत दाखवली त्याच्याशी बोला, रागाने नव्हे, पण स्पष्टपणे. ही भीती कितीतरी घरांत आहे आणि मोठी झालेली माणसेही ती वर्षानुवर्षे कोणाला न सांगता बाळगतात.

मुलीला योहान १४:१-३ वाचून दाखवा. येशू म्हणतो, तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका. मी येऊन तुम्हाला आपल्याजवळ घेईन. तिला सांगा की येणारा तोच आहे ज्याने लेकरांना कवेत घेतले. झोपताना दार उघडे ठेवा, बाहेर जाताना तिला सांगून जा. भीती खोल असेल, झोप आणि शाळा बिघडत असेल, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्यायला संकोच करू नका. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे हा उतारा रडणाऱ्यांचे डोळे पुसायला लिहिला गेला. तो वाचून एखादे लेकरू रडू लागले असेल, तर शिकवणाऱ्याने तो उलटा धरला आहे, मग त्याचे मत पहिले असो की चौथे.

१८. प्रभू लवकरच येणार तर शिक्षण, घराचे कर्ज, लग्न हे सगळे कशाला?

थेस्सलनीकातही काहींनी काम सोडले होते. पौलाने त्यांना सांगितले, कोणी काम करू इच्छीत नसेल तर त्याने खाऊही नये (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०). बारावीचा अर्ज भरा.

१९. एकाच मंडळीत दोन मते असली तर एकत्र राहता येईल का?

येईल, आणि राहावे. न राहिल्याचे उदाहरण जुने आहे. प्लिमथमध्ये बेंजामिन विल्स न्यूटन हे डार्बींचे सहकारी होते, पण मंडळी महासंकटातून जाईल असे ते शिकवत. १८४५ मध्ये दोघांत फूट पडली. तिच्यामागे भविष्यवाणीबरोबर मंडळीतल्या अधिकाराचाही वाद होता. पुढे न्यूटन यांच्या ख्रिस्ताविषयीच्या शिकवणीवर आक्षेप आले, आणि १८४८ पर्यंत सगळी चळवळ दुभंगली. ती आजही दुभंगलेलीच आहे.

व्यवहारात एवढे करा. मंडळीच्या विश्वास-पत्रिकेत काय लिहिले आहे ते आधी वाचा. तिथे काळाबद्दल एक मत नोंदलेले असेल तर शब्बाथशाळा शिकवताना त्याचा मान राखा आणि स्वतःचे वेगळे मत वडीलजनांना आधीच सांगून ठेवा. पत्रिका मोकळी असेल तर कोणीही आपले मत सदस्यत्वाची अट करू नये. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल फ्री चर्चने २०१९ मध्ये हजार वर्षांच्या राज्याबद्दलचा मुद्दाही आपल्या विश्वासाच्या निवेदनातून काढला आणि प्रभूचे येणे वैयक्तिक, सदेह आणि गौरवी असेल एवढे ठेवले.

२०. स्वतः अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

प्रकटीकरणापासून नको. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ पासून ५:११ पर्यंत एका बैठकीत वाचा. मधली अध्यायाची रेघ पौलाने घातलेली नाही. मग २ थेस्सलनीकाकरांस २. त्यानंतर मत्तय २४ आणि २५ सलग, १ करिंथकरांस १५ पूर्ण, योहान १४, दानीएल ९. शेवटी प्रकटीकरण, पहिल्या तीन अध्यायांतल्या सात मंडळ्यांसह. टीपा असलेले बायबल असेल तर पहिल्या वाचनात टीपा झाका. दुसऱ्या वाचनात वेगळ्या मताच्या एखाद्या माणसाला बरोबर घ्या.